मोरपंखी रंगाच्या दिवशी आम्ही बसलो नाही

नवरात्रातल्या राखाडी रंगाच्या दिवशी, दुपारचे डबे बंद करून सगळे आपापल्या जागेवर परतत होते तेव्हा, माझ्या शेजारच्या खुर्चीवर काम करणाऱ्या ताईंना अख्ख्या मजल्यासमोर उभं करण्यात आलं आणि विचारण्यात आलं, "मॅडम, तुम्ही इथे काम करायला येता की फिरायला?"

गुन्हा काय होता? त्या दिवशी सकाळी ताई जागेवरून उठल्या होत्या. पाण्याच्या मशीनपर्यंत गेल्या, बाटली भरली, आणि तिथून सरळ परत यायचं सोडून खिडकीच्या बाजूने वळसा घालून आल्या. तो वळसा म्हणजे गुन्हा.

विचारणारा आमचा टीम लीडर. ताईंपेक्षा बराच लहान. एरवी त्यांना ताईच म्हणायचा, त्यांच्या डब्यातल्या घावण्यांवर हक्काने हात मारायचा. त्या दिवशी 'मॅडम' म्हणाला, तेव्हाच मला कळलं की वरून काहीतरी दट्ट्या आलाय. आणि हेही बघा, की जी बाई उठली म्हणून गुन्हेगार, तिला शिक्षा काय, तर उभं राहा!

आमचं ऑफिस अंधेरी पूर्वेला, काचेच्या इमारतीत. काम विम्याच्या दाव्यांचं. कोणीतरी आजारी पडतं, हॉस्पिटलात जातं, बिल आमच्याकडे येतं. कुठला कागद कमी आहे ते बघून आम्ही हॉस्पिटलला फोन लावतो, पेशंटच्या घरी फोन लावतो, शिव्या खातो, टाइप करतो. म्हणजे दिवसभर लोकांची दुखणी वाचत बसायचं आणि वाचता वाचता आपलं स्वतःचं तयार करायचं.

टीम लीडरच्या स्क्रीनवर प्रत्येकाच्या नावापुढे एक ठिपका असतो. फोन चालू आहे, माउस हलतोय, तोवर ठिपका हिरवा. हात थांबला की थोड्या वेळाने पिवळा. पिवळा जरा जास्त वेळ राहिला की नावावर शेरा. शेरे साठले की केबिनमध्ये बोलावणं, आणि केबिनमधून आलेला माणूस बहुतेक वेळा आपला चहाचा मग आणि देवाचा छोटा फोटो पुठ्ठ्याच्या खोक्यात भरताना दिसतो. जेवायची सुट्टी आहे, चहाची आहे, बाथरूमला जाता येतं. त्यापलीकडे उठायचं तर कारण लागतं. पाय दुखतात हे कारण धरत नाहीत.

आपल्याकडे बसण्याला केवढा मान आहे! पाहुणा दारात आला की आधी 'बसा'. शाळेत पहिला धडा हाताची घडी, तोंडावर बोट. लग्नाच्या स्थळात मुलाचं बैठं काम असलं की मुलीचा बाप निम्मा खूश. मी ही नोकरी धरली तेव्हा मुलुंडच्या आमच्या सोसायटीत आईने मजल्यामजल्यावर जाऊन सांगितलं होतं, "एसीत खुर्चीवर बसून काम आहे, उन्हातान्हात हिंडायचं नाही." खरा आनंद वेगळाच होता. मी कॉलेजपासून पत्रकं लिहिते आणि रस्त्यावर उभी राहून वाटते, ते आता थांबेल असं तिला वाटलं होतं. थांबलं नाही. पाय मात्र थांबले.

ती अजून ओरडते, "बसल्या बसल्या पाय हलवू नकोस गं, घरातली लक्ष्मी जाते." काय करू? दिवसभर दाबून ठेवलेला पाय रात्री ताटावर बसलं की आपोआप थडथडायला लागतो. पिक्चर बघताना, बँकेत, कोणाच्या साखरपुड्यात. आत्ता हे लिहितानाही मी उठून गॅलरीत जाऊन आलेय, आणि परत जाणार आहे.

पण माझं सोडा. ताईंचं सांगते.

ताई दहिसरला राहतात, मूळच्या मालवणकडच्या. वडील गिरणीत होते, दिवसभर साच्यांपुढे उभे. म्हातारपणी त्यांच्या पोटऱ्यांवर शिरांची जाळी झाली होती आणि घोट्याला जखम, जी कधी भरलीच नाही. ताई लहानपणी रोज ती धुऊन बांधायच्या. म्हणून मुलीला बसायचं काम मिळालं तेव्हा त्या माणसाने वाडीत पेढे वाटले होते.

मी ताईंची पोटरी पहिल्यांदा बघितली ती ऑफिसच्या बाथरूममध्ये. सलवार गुडघ्यापर्यंत वर करून त्या पायावर पाणी मारत होत्या. निळ्या शिरा, दोरीला गाठी माराव्यात तशा. घोट्याभोवतीची कातडी काळपट, तुकतुकीत ताणलेली. बोट दाबलं की खड्डा राहायचा आणि किती तरी वेळ भरायचा नाही. डॉक्टरने त्यांना सांगितलं होतं, गोळ्या देतो, घट्ट मोजे देतो, पण बसून राहू नका. अधूनमधून उठा, चार पावलं चाला, पोटरी हलली पाहिजे. नाहीतर ही कातडी फुटेल.

"मग उठा ना," मी म्हटलं.

"ठिपको कोण सांभाळतलो? तू?" रागावल्या किंवा घाबरल्या की ताई मालवणीवर जातात.

"ताई, पाय जाईल."

"बापूस उभो रवान गेलो, चेडू बसान जातला," त्या हसत म्हणाल्या आणि सलवार खाली सोडली. "चल. पिवळो झालो असतलो."

ताईंचा मुलगा शिकतोय. नवऱ्याचं काम कधी असतं, कधी नसतं. नोकरी सुटून चालणार नाही आणि पाय सुटूनही चालणार नाही. दोन्ही सांभाळायचं तर उठण्याची मुभा हवी, एवढंच. वेगळी खुर्ची नको, सुट्टी नको.

आता स्पर्धेचं सांगायला हवं, नाहीतर राखाडी दिवशी पुढे काय झालं ते कळणार नाही.

गणपतीच्या आधी मुख्य ऑफिसला अचानक आमच्या तब्येतीची काळजी वाटायला लागली. चालण्याची स्पर्धा जाहीर झाली. प्रत्येकाने मोबाइलमध्ये एक ॲप घ्यायचं, ते पावलं मोजणार, आणि ज्या शाखेची पावलं जास्त ती शाखा पहिली. चालायचं कधी? तर आपापल्या वेळात. ऑफिसच्या वेळात ठिपका आहेच.

मोबाइल मजल्यावर नेता येत नाहीत. बाहेर पॅन्ट्रीजवळच्या कप्प्यांत ठेवावे लागतात. माझ्या समोरच्या रांगेत एक बोरिवलीचा बसतो, सदा कोणाची तरी खेचत असतो. त्याने पहिल्याच दिवशी आपला फोन सफाईच्या मावशींच्या एप्रनच्या खिशात टाकला. "मावशी, हा जरा फिरवून आणा ना. बिचारा दिवसभर पडून असतो."

मावशी सकाळपासून पायांवर. तीन मजले, सगळे पॅसेज, सगळी टेबलं, सगळी बाथरूम. त्यांना बसायला जागा नाही, मजल्यावरच्या खुर्च्यांवर बसायचं नाही अशी ताकीदच आहे. संध्याकाळी बोरिवलीकराची पावलं बघून आम्ही थक्क झालो. दुसऱ्या दिवशी दोन फोन वाढले. आठवडा संपेस्तोवर मावशींनी कमरेला एक कापडी पिशवी बांधली होती आणि त्या चालल्या की खुळखुळ आवाज यायचा. मध्येच त्यांच्या पोटातून आरती वाजायची, मध्येच भांगडा.

"मेल्यांनो, ह्याची बायको केव्हाची करतेय फोन! मी उचलून सांगू काय, तुझा नवरा माझ्या कमरेला आहे म्हणून?"

"सांगा मावशी. तिला कळू दे किती चालतो ते."

"आणि बक्षीस मिळालं तर मला काय?"

"पेढा."

"अख्खा?"

शाखा पहिली आली. सगळ्या शाखांत. दाराशी मोठं पोस्टर लागलं, 'सर्वांत जास्त चालणारी शाखा', आणि त्याखाली आम्हा सगळ्यांचा हसरा फोटो, खुर्च्यांवर बसलेला. मावशी फोटोत नाहीत. पेढा मिळाला, अख्खा.

तर राखाडी दिवस. 'काम करायला येता की फिरायला' यावर ताई हळू आवाजात म्हणाल्या, "पाय दुखतात, सर. डॉक्टरने चालायला सांगितलंय. चिठ्ठी आहे माझ्याकडे." त्यांनी पर्स उघडली.

त्याने चिठ्ठी घेतली नाही. त्याने पोस्टरकडे हात केला. "मॅडम, सगळ्या शाखांमध्ये आपण पहिले आलोय. अजून किती चालायचंय तुम्हाला?"

  ती पावलं खरी कोणाची, ते माझ्या जिभेच्या टोकावर होतं, आणि नेमक्या त्याच वेळी मागे मावशी डस्टबिनच्या पिशव्या बदलत होत्या. त्या ठेकेदाराकडच्या. उद्यापासून येऊ नका म्हटलं की विषय संपला. मी शब्द गिळले. ताईंच्या नावावर शेरा पडला. आधीचे होतेच. आता आणखी एक पडला की केबिन.

ताई खाली बसल्या, हेडसेट चढवला आणि पुढच्या पेशंटला म्हणाल्या, "नमस्कार, आपल्या तब्येतीबद्दल फोन केला होता." आवाज अगदी नेहमीसारखा. मला मात्र बसवेना. पाय टेबलाखाली असा उडत होता की समोरच्या रांगेतला पाण्याचा ग्लास हलत होता.

चहाच्या सुट्टीत आम्ही चार-पाच जण मागच्या जिन्यावर जमलो. मी तणतणत होते. कोणीतरी म्हणालं, पत्रक काढ ना, तुझं तर कामच ते. त्यावर बोरिवलीकराला तोंड फुटलं. मागे घाटकोपरच्या साड्यांच्या दुकानांतल्या मुलींसाठी मी एक पत्रक काढलं होतं. त्यांना दिवसभर उभं ठेवतात, गिऱ्हाईक नसलं तरी टेकू देत नाहीत, त्यांना स्टूल द्या म्हणून. ते त्याला माहीत होतं.

"तू ना, एक काय ते ठरव यार. घाटकोपरला म्हणे बसायला द्या, अंधेरीला म्हणे उठायला द्या. मध्ये साकीनाक्याला काय, ओणवं?"

सगळे हसले. मीही हसले, पण मग म्हटलं, "अकलेच्या कांद्या, मागणी एकच आहे. पाय ज्याचे, मर्जी त्याची."

"झकास. लिही मग."

"नाही लिहिणार. पत्रक आलं की ते माझं नाव शोधतील आणि ताईंचं त्यांना आयतं मिळेल."

"मग काय करायचं? बसून राहायचं?"

 तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, "उद्या मोरपंखी आहे ना? माझ्याकडे ड्रेस नाहीये, कोणाची ओढणी आहे का?"

आणि मला दिसलं. नवरात्रात रोज, संध्याकाळच्या चहाच्या आधी, एचआरची बाई मोबाइल घेऊन येते आणि त्या दिवसाच्या रंगातला फोटो काढते. बायका साड्या-ड्रेसमध्ये, पुरुष शर्टात, रंग नसेल तो दुसऱ्याच्या ओढणीत हात घालून. अख्खा मजला उठतो. सगळे ठिपके पिवळे होतात. एकाच्याही नावावर शेरा पडत नाही, कारण फोटो वरपर्यंत जायचा असतो. म्हणजे उठल्याने कोणाचा दावा अडत नाही. नवरात्र लागल्यापासून एकदाही अडलेला नाही.

"फोटो काढून झाला की बसायचं नाही," मी म्हटलं. "काम करायचं. उभ्याने."

ताईंना सांगितलं तर त्या पांढऱ्याफटक पडल्या. "माझ्या नावान काय्येक करू नकात. शेवटचो शेरो तुमच्यार नाय, माझ्यार पडतलो."

"तुमचं नाव कोणी काढणार नाही, ताई."

मोरपंखी दिवशी फोटो झाला. टीम लीडरसुद्धा मोरपंखी शर्टात, मधोमध. एचआरची बाई म्हणाली, "सुपर! झालं, बसा बसा."

कोणी बसलं नाही.

कीबोर्ड ओढून कोणी फायलींच्या गठ्ठ्यावर ठेवला, कोणी डब्याच्या पिशवीवर. स्क्रीन खाली राहिले, त्यामुळे सगळे तळ्याकाठच्या बगळ्यांसारखे मान घालून उभे. हेडसेट चढले. "नमस्कार, आपल्या दाव्याबद्दल बोलत होते." "काका, डिस्चार्जचा कागद पाठवला नाहीत तुम्ही." काम चालू. बसल्या होत्या त्या फक्त ताई. अख्खा मजला त्यांच्यासाठी उभा आणि त्या एकट्या खुर्चीत, खाली मान घालून, मोरपंखी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत.

"काय चाललंय? बसा ना," टीम लीडर रांगेतून फिरत म्हणाला.

बोरिवलीकराने माइकवर हात ठेवला. "सर, ठिपका बघा. हिरवा आहे."

तो आपल्या स्क्रीनकडे गेला. सगळे हिरवे. शेरा लिहिणार तरी कशाचा? तेवढ्यात केबिनचं दार उघडून मोठे मॅनेजर आले आणि पोस्टरपाशी थांबले. "इज देअर अ प्रॉब्लेम?" सगळ्यांच्या कानात पेशंट होते. 

आणि मावशी आल्या. बादलीची गाडी ढकलत. दारातच थांबल्या, रिकाम्या खुर्च्यांची रांगच्या रांग बघितली. त्यांना आम्ही काही सांगितलं नव्हतं, शपथ.

"अगो बाई! एवढ्या खुर्च्या रिकाम्या? मग मी टेकते जरा."

आणि बसल्या. माझ्या खुर्चीत, माझ्या शेजारी. पाय पुढे लांब केले. मग खुर्ची थोडी फिरवून बघितली. "फिरते की गं ही! रोज पुसते, पण आज कळलं."

आधी एक जण फसकन हसला, मग रांग. माझ्या फोनवरचे आजोबा विचारत होते, "हसताय काय? माझं बिल नामंजूर झालंय."

मॅनेजर म्हणाले, "मावशी, तुम्ही का बसलात?"

"पाय दुखतात, साहेब."

राखाडी दिवशी ताई जे म्हणाल्या होत्या, तेच. मागे पोस्टर, सर्वांत जास्त चालणारी शाखा. मॅनेजरांनी एकदा मावशींकडे बघितलं, एकदा आमच्याकडे. त्यांना उठा म्हणायचं आणि आम्हाला बसा म्हणायचं, आणि दोन्ही एका दमात, हे त्यांच्याही तोंडून निघेना. "मला सगळं नॉर्मल हवंय," असं काहीतरी म्हणून ते केबिनमध्ये गेले.

तेव्हा ताई उठल्या. कोणी त्यांना खूण केली नाही. खुर्ची मागे सरकवली, हेडसेट काढला, बाटली घेतली आणि चालू लागल्या. मशीनपर्यंत, आणि तिथून खिडकीच्या बाजूने. एक पाय जरा ओढत, पण सावकाश, घाई न करता. टीम लीडरच्या स्क्रीनवर तेवढा एकच ठिपका पिवळा झाला असणार. मी त्याच्या हाताकडे बघत होते. सगळेच बघत होते. हात माउसवर होता.

"ताई," तो म्हणाला, "येताना माझी बाटली भरून आणाल?"

इथे थांबलं तर गोड गोष्ट होईल. पण ती इथे थांबली नाही. कागदावर काहीच बदललं नाही. दिवाळीनंतर त्या टीम लीडरला दुसऱ्या मजल्यावर टाकलं. नवा आला आहे, तो आधी ठिपका बघतो, मग माणूस. ताईंचे जुने शेरे तसेच आहेत आणि डॉक्टरची चिठ्ठी अजून पर्समध्येच आहे, कारण ती घ्यायला कोणी हात पुढे केलेला नाही. मावशींसाठी बोरिवलीकराने घरून प्लॅस्टिकचं स्टूल आणून पॅन्ट्रीत ठेवलं. ते गायब झालं. त्याने दुसरं आणलं. तेही गेलं. आता तिसरं आहे, आणि त्यावर त्याने ठळक अक्षरांत लिहिलंय, 'कुंडी ठेवण्यासाठी'. अजून टिकलंय.

आणि आम्ही एक शिकलो. ताई उठल्या की आमच्यातलं कोणीतरी उठतं. मग आणखी कोणी. एक ठिपका पिवळा झाला तर ती त्या माणसाची चूक असते. अख्खी रांग पिवळी झाली की म्हणतात सिस्टीम हँग झाली. परवा तर आयटीवाल्याला बोलावलं. तो टेबलाखाली शिरून वायरी हलवत होता आणि आम्ही खिडकीशी उभे राहून खालची रिक्षांची रांग बघत होतो.

ताईंची कातडी अजून फुटलेली नाही. संध्याकाळी निघताना बाथरूममध्ये त्या सलवार वर करून बघतात आणि मला सांगतात, "आसा. शाबूत आसा." रोज बघतात, म्हणजे रोज भीती आहे. नवा टीम लीडर आज ना उद्या रांगेचं गणित ओळखेल. त्याच्या आत कोणीतरी, कुठेतरी, हे लिहून द्यायला हवं की माणसाला उठायची मुभा आहे.

तेव्हा आता तुम्ही. हे तुम्ही बहुतेक बसूनच वाचलंत. तुम्ही ठिपके बघणारे असाल, तर ते बघणं आजपासून बंद करा आणि उठायची मुभा कागदावर द्या, तोंडी नको. तुमच्या दुकानात कोणी दिवसभर उभं असेल, तर त्याला स्टूल द्या, कुंडीचं नाव न सांगता. आणि तुम्ही आमच्यासारखे बसणारे असाल, तर शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला पाय कसे आहेत ते विचारा. मग तो उठेल तेव्हा त्याला एकट्याला उठू देऊ नका. तुम्हीही उठा.